एस्तेरबाईंच्या अर्जाचे उत्तर

प्रथम तारखा, कारण तारखांवाचून तक्रार म्हणजे नुसते रडगाणे. अठ्ठावीस मे १९४८ रोजी ग्वाल्हेर, इंदूर आणि आसपासची संस्थाने मिळून मध्यभारत नावाचे राज्य झाले. त्या वर्षीच्या दसऱ्याच्या आत जुन्या संस्थानी नोकरांच्या याद्या तयार झाल्या. नाताळच्या आदल्या आठवड्यात ग्वाल्हेरच्या लष्कर भागातील जनाना दवाखान्याच्या सुईण एस्तेरबाई यांच्याकडून दवाखान्याची किल्ली काढून घेण्यात आली, कारण यादीत त्यांचे नाव नव्हते. एक नोव्हेंबर १९५६ रोजी मध्यभारतही संपले, मध्य प्रदेश आला आणि राजधानी भोपाळला गेली.

आता जबाबदार इसम. पहिला, ज्याने चौकशीवाचून किल्ली मागितली तो दवाखान्याचा व्यवस्थापक. दुसरा, ज्याने आठ वर्षे एकाही अर्जाची पोच दिली नाही तो वैद्यकीय खात्याचा वरिष्ठ. तिसरा, ज्याच्या शेऱ्यामुळे नाव गळले तो कारकून. या तिसऱ्याचे नाव मला फार उशिरा कळले. ते यथास्थळी येईल. मी कोणालाही वगळणार नाही.

एस्तेरबाई मूळच्या नगरकडच्या. तरुणपणी सुईणपणाचे शिक्षण घेऊन ग्वाल्हेरला आल्या आणि येथेच राहिल्या. दवाखान्यामागची राहती खोली किल्लीबरोबरच गेली, तेव्हा त्यांनी दाना ओली नावाच्या गल्लीत आमच्या शेजारची खोली भाड्याने घेतली. सामान म्हणजे एक पत्र्याची पेटी, औजारांची पिशवी आणि काळ्या पुठ्ठ्याचे शास्त्र, म्हणजे बायबल. मी त्या वेळी चोवीस वर्षांचा, विलीनीकरणाच्या कचेरीत कारकून. संध्याकाळी घरी आलो तर आई जिन्यात उभी.

"बघ रे, वीस वर्षं चाकरी करून बिचारीला काढून टाकलं," ती म्हणाली. "आणि ही मला काय विचारते, तर नळाला पाणी कधी येतं. मी तर परेशान झाले."

आईची कणव खरी होती, पण आमच्या घरात विटाळही खराच होता. बाईंच्या चहासाठी आईने वेगळा पेला ठेवला. बाईंनी ते पाहिले. दुसऱ्या दिवशी त्यांनी स्वतःच खिडकीशेजारी एक खिळा ठोकला आणि पेल्याचा कान त्यावर अडकवला. "हा माझा," त्या म्हणाल्या, "म्हणजे वहिनींना शोधत बसायला नको." आवाजात टोमणा नव्हता. मी कान देऊन ऐकले होते, कारण त्यांच्या जागी मी असतो तर टोमणा मारलाच असता. सहा महिन्यांनी आईने तो खिळा स्वतः उपटला आणि पेला आमच्या पेल्यांत मिसळून टाकला. त्या दिवशी बाई दोन कप चहा प्यायल्या.

त्यांच्यावरील अन्यायाची हकीकत ऐकून मी स्वतःहून अर्ज लिहायला घेतला. स्वभावच तसा. तेव्हापासून मी त्यांचा 'मुनशीजी' झालो. अर्ज मी लिहायचा, सही त्यांनी करायची, आणि मग दोघांनी नई सडकेवरच्या टपालपेटीपर्यंत चालत जायचे. लखोटा पेटीत टाकताना त्यांची एक लकब होती. पेटीच्या लाल अंगावर त्या पंजा सपाट ठेवत आणि क्षणभर डोळे मिटत. बाळंतिणीच्या पोटावर त्या असाच हात ठेवत असत, हे मला पुढे आईने सांगितले. मग डोळे उघडून म्हणत, "चला, झालं आपलं काम," आणि टोपी बाजाराच्या कोपऱ्यावर शेंगदाणे घेत. परतीच्या वाटेत अर्जाचा विषय नाही. मी मात्र दुसऱ्या दिवसापासून पोस्टमनच्या वाटेकडे डोळे लावून बसे आणि दिवसागणिक अधिक तापे.

मध्यभारताचा कारभार तरी कसला. हिवाळ्यात राजधानी ग्वाल्हेर, उन्हाळ्यात इंदूर. कागदांचे बस्ते दर सहा महिन्यांनी गाडीत चढायचे आणि उतरायचे. आमचा अर्ज येथे दिला की फाइल तिकडे गेलेली, तिकडे पाठवला की फाइल वाटेत. मी चिडून सांगू लागलो की बाई हसत.

"मुनशीजी, आमच्या साहेबाची कचेरी उन्हाळ्यात इंदूरला जात नाही. बारा महिने एकाच जागी उघडी."

"आणि तिथून उत्तर येतं का?" मी विचारले.

"पोच येत नाही. पण माझा कागद हरवत नाही, एवढं ठाऊक आहे."

"ठाऊक आहे म्हणजे? पुरावा काय?"

"सकाळी उठते ना मी रोज," त्या म्हणाल्या. "आणि उठून कुणाकडं तरी बोलावणं असतं."

याला पुरावा म्हणत नाहीत. मी तसे त्यांना सांगितले. त्यांनी मान डोलावली आणि मला शेंगदाणे पुढे केले.

एकदा भर दुपारी त्या पिशवी घेऊन निघालेल्या दिसल्या. कोणाकडे, म्हणून विचारले तर त्यांनी त्याच व्यवस्थापकाचे नाव सांगितले. त्याच्या सुनेला कळा सुरू झाल्या होत्या. त्याचा नोकर दारात हात जोडून उभा होता, "बाई, जल्दी चलो, बहू की हालत ठीक नहीं." मी वाट अडवली.

"ज्यानं तुमची किल्ली घेतली त्याच्या घरी?"

"किल्ली त्यानं घेतली," त्या चप्पल पायात सरकवत म्हणाल्या, "बाळानं नाही. सरका."

मी सरकलो, पण मला ते समजले नाही. क्षमा मागणाऱ्याला क्षमा करणे समजते. त्या गृहस्थाने क्षमा मागितली नव्हती, किल्ली परत केली नव्हती, आणि पुढे नातू मांडीवर घेऊन फिरताना रस्त्यात बाई दिसल्या तर तो दुसरीकडे पाहत असे. बाई त्या नातवाकडे पाहून हात हलवीत.

त्यांना दवाखाना परत हवा होता, याविषयी मात्र कोणाचा गैरसमज नसावा. घरोघरी जाऊन बाळंतपणे करणे आणि दवाखान्यात करणे यांतला फरक त्यांच्याइतका कोणाला ठाऊक होता? "घरात अडली तर मी काय करू, मुनशीजी? तिथं टेबल आहे, डॉक्टरीणबाई आहेत," एवढेच त्या म्हणत. दर रविवारी चर्चमधल्या उपासनेहून येताना मुद्दाम लांबच्या रस्त्याने येऊन दवाखान्याच्या फाटकाशी थांबत. एकदा मी बरोबर होतो. त्यांनी फाटकातून आत पाहिले आणि म्हणाल्या, "खिडक्या पुसत नाहीत." मग फाटकाच्या कडीवरची धूळ पदराने पुसून त्या चालू लागल्या. म्हणजे त्यांना दुःख होत नव्हते असे नाही. दुःख आणि भरवसा एकाच पिशवीत घालून त्या चालत, आणि त्या दोहोंची भांडणे कशी होत नसत हे मला कळत नसे.

आता माझ्या कचेरीविषयी सांगणे भाग आहे. जुन्या नेमणुकांचे पुष्कळसे कागद मोडीत होते आणि आमच्या कचेरीत मोडी वाचणारा एकटा मी. बडे बाबू ढीग माझ्यापुढे टाकीत. "पंडितजी, ये मोडी-वोडी आप ही निपटाओ, हमारे बस की नहीं." मला त्याचा अभिमान होता. आमच्या चार पिढ्या दरबारच्या दफ्तरात गेल्या. मी कागद वाचून कोपऱ्यात शेरा लिहीत असे, 'रियासत' किंवा 'खासगी', आणि खाली सही. रियासतीचे नोकर नव्या राज्याच्या यादीत जात. खासगीचे, म्हणजे राजवाड्याच्या घरच्या चाकरीतले, यादीबाहेर राहत. असे शेकडो कागद माझ्या हातून गेले. एकही नाव माझ्या ध्यानात राहिले नाही. बाईंचे अर्ज लिहिताना एकदा मनात आले की यांचा कागद कोणी पाहिला असेल. मी तो विचार झटकला. चूक इंदूरवाल्यांचीच असणार, असे मी धरून चाललो होतो, आणि अर्जांतही तसेच लिहीत होतो.

अकरावा अर्ज भोपाळला गेला. मध्य प्रदेश झाल्यानंतरच्या पहिल्या पावसाळ्यात मी बारावा लिहून बाईंपुढे ठेवला. त्या वेळी नव्या राज्याच्या सेवेत मला कायम करायचे की नाही याचा निर्णय अडकला होता आणि पत्नीचे दिवस भरत आले होते. तरीही मी रविवार खर्चून तो मसुदा केला होता. बाईंनी वाचला, घडी घातली आणि परत दिला.

"आता पुढचा अर्ज नको."

"का नको?"

"नको म्हणते ना."

"तुमचं निवृत्तीचं वय दोन वर्षांवर आलंय. आता नाही तर कधीच नाही. दवाखाना नको झाला?"

"हवा आहे," त्या म्हणाल्या. "पण अर्ज नको."

कारण सांगेनात. मग मी जे बोललो ते लिहून ठेवणे माझे कर्तव्य आहे. मी म्हणालो, "तुम्ही भित्र्या आहात. देवाचं नाव पुढं करून अपराध्याला पाठीशी घालता."

"घालते, असं समजा," त्या म्हणाल्या, आणि नळाला पाणी आले म्हणून उठल्या.

मी बोलणे बंद केले. आठवडा झाला, दोन झाले. त्या आईशी बोलत, पत्नीला तपासून जात, मी दिसलो की "बरं आहे ना, मुनशीजी" म्हणत आणि मी उत्तर देत नसे. एके सकाळी पत्नीला कळा सुरू झाल्या. आईने भिंतीवर थाप मारली आणि बाई हात धुऊनच आल्या. दुपारी दोनच्या सुमारास बाहेर येऊन म्हणाल्या, "मुलगी. अगदी तुमच्यावर गेली आहे. अजून कुणी काही केलं नाही तरी ओरडतेय." मला हसू आले आणि अबोला तिथेच मोडला. पुढच्याच महिन्यात मला नोकरीत कायम केल्याचा हुकूम मिळाला. त्या नाताळला बाईंनी नेहमीसारख्या करंज्या आणल्या, माझ्या वाट्याच्या दोन वेगळ्या बांधून. अर्जाचा विषय मी पुन्हा काढला नाही. निवृत्तीचे वय उलटून गेले आणि त्यांच्यापुरता दवाखाना कायमचा मिटला. रविवारी त्या लांबच्या रस्त्यानेच येत राहिल्या.

पुढे पंधरा वर्षे त्या जगल्या. ईस्टरनंतरच्या आठवड्यात गेल्या, दुपारी, कोणालाही फार तसदी न देता. त्यांच्या इच्छेप्रमाणे शास्त्र माझ्याकडे आले. ते मी आदराने कपाटात ठेवले, आणि उघडले ते महिनाभराने.

आत भोपाळचा लखोटा होता. अकराव्या अर्जाचे उत्तर. त्यात लिहिले होते की नाव चुकीने वगळले गेलेले दिसते, मूळ कागदाची नक्कल सोबत जोडली आहे, शेरा मारणाऱ्या कर्मचाऱ्याविरुद्ध अर्जदाराने लेखी तक्रार द्यावी, म्हणजे त्याची चौकशी होऊन अर्जदारास पुन्हा सेवेत घेता येईल. नकलेची दोन पाने होती. पहिल्यावर मोडीतली नेमणूक, राजवाड्याच्या खासगीकडून. दुसरे पान म्हणजे मूळ कागदाची पाठ. तिच्यावर हिंदीत हुकूम होता की हा दवाखाना सर्व नोकरांसह रियासतीच्या वैद्यकीय खात्याकडे देण्यात येत आहे. तो कोणालाही वाचता आला असता. मोडी वाचणाऱ्याने पान उलटले नव्हते. पहिल्या पानाच्या कोपऱ्यात शेरा होता, 'खासगी', आणि त्याखाली नक्कल करणाराने सहीचे नाव स्पष्ट उतरले होते. ते नाव माझे आहे.

लखोट्याच्या पाठीवर बाईंच्या गोल अक्षरात पेन्सिलीने एक ओळ होती: "मुनशीजींची बायको, नववा महिना. नोकरी अजून कच्ची."

त्यांनी पेटीवर ठेवला तसा पंजा या कागदावरही ठेवला असेल का, हे मला ठाऊक नाही. मी तो घेऊन बाईंच्या चर्चच्या पाळकांकडे गेलो आणि विचारले की याचा अर्थ काय.

"तिनं तुम्हाला क्षमा केली," ते म्हणाले.

"मी मागितली नव्हती. मला ठाऊकच नव्हतं."

"हो," ते म्हणाले. "तशीच असते ती."

हे उत्तर नव्हे. मी पुढे नोकरी सोडून कायद्याची परीक्षा दिली, तीस वर्षे वकिली केली. आरोप न ठेवता, म्हणणे न ऐकता कोणाला शिक्षा देता येत नाही, हे मी शेकडो वेळा न्यायालयात सांगितले. तशी कोणाची सुटकाही करता येत नाही. माझी झाली. जी दवाखान्याच्या फाटकाशी थांबून न पुसलेल्या खिडक्या पाहत असे तिने, मी तिला भित्री म्हणत असताना, माझी सुटका केली आणि वर करंज्या दिल्या. मी रागावलो आहे. कोणावर, ते मला नीट सांगता येत नाही.

म्हणून दोन मागण्या करतो. संबंधित खात्याने एस्तेरबाईंचे नाव त्या यादीत घालून ती दुरुस्ती जाहीर करावी. तिसरा जबाबदार इसम मी आहे आणि हा माझा लेखी कबुलीजबाब समजावा. दुसरी मागणी बाईंच्या चर्चच्या मंडळीकडे, त्यांच्या पाळकांकडे, आणि ज्या साहेबाची कचेरी बारा महिने उघडी असते असे बाई सांगत, त्याच्याकडेही. न मागितलेली क्षमा माणसाने ठेवायची कोठे? गेली काही वर्षे मी दर रविवारी उपासनेला शेवटच्या बाकावर, दाराजवळ बसतो. उत्तर तिथे, सर्वांना ऐकू जाईल अशा आवाजात द्यावे. मी कागद-पेन्सिल घेऊन येतो.