बेबीकाकूंनी लावलेली पैज

बाबांचा फोन आला तेव्हा मी वर्ध्याच्या ऑफिसात एका पत्रकाचा मजकूर तपासत होते. "वयनी गेल्या व पोरी... सकाळी चहा घेतला, अन् बसल्या बसल्याच..." एवढंच ते बोलू शकले. बाबांच्या वयनी म्हणजे आमच्या शेजारच्या बेबीकाकू, गिरडजवळच्या आमच्या गावच्या आशाताई, घरोघर फिरणाऱ्या आरोग्यसेविका. या गोष्टीला आता दीड महिना होईल. पण त्यांची आठवण आली की मला आधी हसूच येतं, रडू मागून येतं.

आमच्या घरात पदवी घेणारी मी पहिली. बाबा वांगी, पालक आणि सांबार, म्हणजे कोथिंबीर, पिकवणारे, आठवडी बाजारात बसणारे. कॉलेजचा फॉर्म भरायला माझ्यासोबत वर्ध्याला काकूच आल्या होत्या, कारण साहेबलोकांशी कसं बोलायचं ते गावात त्यांनाच ठाऊक. पुढे एका संस्थेत आरोग्याचे संदेश लिहिण्याची नोकरी मला लागली, तेव्हा त्यांनी गल्लीभर सांगितलं, "आपली पोरगी आता डाक्टरले बी शिकवते!" मी कोणाला शिकवत नव्हते. पण तेव्हा मलाही थोडं तसंच वाटायचं...

त्याच तोऱ्यात मी खर्ऱ्याविरुद्धचं माझं पहिलं पोस्टर केलं. सुपारी, तंबाखू आणि चुना प्लास्टिकच्या पन्नीत घोटून केलेला खर्रा आमच्याकडे रुमालासारखा प्रत्येकाच्या खिशात असतो. पोस्टरवर सडलेल्या तोंडाचा फोटो, खाली लाल अक्षरांत 'पुढचा नंबर तुमचा'. गावातल्या पानठेल्यावर मी ते स्वतः चिकटवलं. दोन दिवसांनी पाहते तर गिऱ्हाइकं ठेल्याच्या मागच्या बाजूने खर्रा घेत होती! घरातही तसंच झालं. बाबाही खर्रा खायचे, आणि काही दिवसांपासून ते भाकर वरणात कुस्करून खात होते, ठेचा तर त्यांनी सोडलाच होता. मी म्हटलं, तोंड दाखवा. त्यांनी दाखवलं नाही. मी रडले, फोटो दाखवले, "मरायचं आहे का तुम्हाला?" असंही बोलून गेले. त्या दिवसापासून बाबा गोठ्यामागे जाऊन खर्रा खाऊ लागले आणि माझ्यासमोर जेवायला बसेनासे झाले.

मी काकूंकडे गेले. त्या मेथी निवडत होत्या. सगळं ऐकून म्हणाल्या, "काऊन भेव दाखवून राह्यली त्याइले? माणूस भेला का पयते, हाती येत नाई. पयणाऱ्याच्या तोंडात मी बॅटरी कशी मारू?"

"पण काकू, खरंच काही झालं असेल तर?"

त्यांचे हात थांबले. "भेव मलेबी वाटून राह्यलं पोरी. पण ते आपण आपल्यापाशी ठेवू. त्याइले दुसरं काई देऊ."

पुढच्या बाजाराच्या दिवशी, भाजी आटोपल्यावर, काकूंनी गुपचुपवाल्याची गाडी आमच्या दुकानापुढे उभी केली. गुपचुप म्हणजे पाणीपुरी. पैज अशी, की अख्खी पुरी एकाच वेळी तोंडात घालायची. "फोडली का हारला. अन् हारला त्यानं उद्या माझ्यासंगं वर्धेले याचं, तोंड तपासाले!" भाजीवाले एकेक पुढे आले. बाबा मागेच उभे. काकूंनी तिथूनच टोमणा मारला, "काऊन भाऊजी, गुपचुप खाण्यात तं तुमचं नाव व्हतं बजारात! का या वयनीले भेले?" बाबा पुढे आले. पुरी ओठांपर्यंत गेली, आत जाईना. तिरपी केली, तरी जाईना. शेवटी ती फुटली आणि सगळं पाणी हनुवटीवरून सदऱ्यावर. बाजार हसला, बाबा सगळ्यांत जास्त हसले. मग हळूहळू थांबले... काकूंनी पदराने त्यांचा सदरा पुसला आणि मोठ्याने जाहीर केलं, "भाऊजी हारले! सकाळच्या एसटीनं येजा." फार मोठं काही ठरलं आहे, असं त्यांनी बाबांना जाणवूच दिलं नाही. हरलेली पैज बाबांना मोडता येईना.

मीही सोबत निघाले. एसटीत काकूंनी त्यांना पैजेवरून इतकं चिडवलं, की दवाखाना कधी आला ते कळलं नाही. पण तपासणीच्या खोलीबाहेर मी काकूंचा हात धरला, तेव्हा तो माझ्या हातापेक्षा गार होता. डॉक्टर म्हणाले, कॅन्सर नाही, पण तोंड आखडत चाललं आहे. खर्रा आजपासून बंद, रोज तोंड उघडण्याचा व्यायाम, आणि तपासणी चुकवायची नाही. भीती दाखवण्यात माझं काही खोटं नव्हतं. पण भीती देऊन मी बाबांना एकटं सोडलं होतं, आणि काकू त्यांच्या बाजूच्या सीटवर बसल्या होत्या. त्यानंतर लिहिलेला प्रत्येक संदेश मी आधी त्यांना वाचून दाखवला.

व्यायामाचं माप बोटांचं होतं, आ केल्यावर तोंडात किती बोटं मावतात ते. रोज सकाळी बाबा दोन घरांमधल्या कुंपणापाशी उभे राहून बोटं उभी तोंडात धरायचे आणि अंगणातून काकू निकाल द्यायच्या, "दोनच हाय. अडीच म्हणू नका, बेइमान!" खर्रा सुटायला वर्ष गेलं, पण सुटला.

मागच्या रविवारी मी गावी होते. बाबा सवयीने कुंपणापाशी गेले, बोटं वर केली आणि तिथेच घुटमळले. तेवढ्यात काकूंची सून हात पुसत बाहेर आली.

"आ करा, मामाजी."

बाबांनी आ केला. तिने वाकून पाहिलं. "अडीच."

"तुयी सासू तं तीन म्हणे."

"खोटं नका बोलू! चुलीपाशी बसून रोज ऐकत व्हती मी."

पकडले गेलेले बाबा असे खदखदून हसले, की आमच्या दारातून मला त्यांच्या मागच्या दाढा दिसल्या.