ढेकणांचे चट्टे

"ह्या दोघींच्या अंगाला अंग लावू नका," बोर्डिंगच्या बाई सगळ्या मुलींसमोर म्हणाल्या. लाकडी पट्टीनं माझा हात वर उचलून दाखवला. हातानं धरला नाही. दंडावर लाल, फुगलेले चट्टे. शेजारी शांता. तिचा गळा तर लालभडक.

"खरूज आहे. वस्तीवरून आणलीय."

बहात्तरचा दुष्काळ. आम्ही दोघी काष्टीच्या बौद्धवस्तीतल्या, श्रीगोंद्याच्या बोर्डिंगात नव्या. आईबाप रस्त्याच्या कामावर खडी फोडत होते. आमच्या खाटा व्हरांड्यात काढल्या. ताटं न्हाणीजवळ. शांता खाजवायची नि रडायची.

तिच्या बापाला बोलावलं. दारातच उभं केलं. तो मान खाली घालून म्हणाला, "चुकी झाली, बाई." कसली चुकी, कुणास ठाऊक. पोरीला घेऊन गेला.

मी एकटीच सरकारी दवाखान्यात गेले. डॉक्टरांनी माझा हात हातात घेतला. बोटं फाकवून पाहिली.

"खरूज बहुतेक इथं, बेचक्यात दिसते. इथं काही नाही. हे चट्टे बघ, ओळीनं उठलेत, उघड्या अंगावर. सकाळी दिसतात ना?"

"व्हय."

"ढेकूण चावलेत. खाटेच्या सांध्यात बघ."

बोर्डिंगात येऊन माझी खाट आपटली. ढेकूण पडले. मग आत जाऊन दुसऱ्या मुलीची एक खाट आपटली. तिच्यातूनही पडले.

बाई म्हणाल्या, "तुमच्याच गोधड्यांतून आलेत."

एका बागायतदाराच्या मुलीनं हळूच पोलक्याची लांब बाही वर केली. तसेच चट्टे. "मला लई दिसांपासनं हायेत, बाई. ह्या यायच्या आदीपासनं."

"तू गप बस," बाई म्हणाल्या.

खाटा उन्हात टाकल्या, सांध्यांत उकळतं पाणी ओतलं. माझं ताट मात्र न्हाणीजवळच. संध्याकाळी ते उचललं नि पंगतीत जाऊन बसले.

"ऊठ," बाई म्हणाल्या.

"उठनार न्हाई. मला रोग न्हवता. असता तरी उठले नसते."

ताटातली भाकरी मोडली. उठले नाही.

रविवारी शांताला आणायला गेले. ती आईसोबत खडीवर होती. हात सोललेले. गळा बरा झालेला.

"ढेकणं हुती गं. चल."

तिनं हातोडी खाली ठेवली नाही. "तुला जमंल. मला त्या पोरींम्होरं परत उभं ऱ्हावणार न्हाई."

पुढं तिचं लग्न लावलं. आमच्या दोघींत हुशार ती होती.

मी मॅट्रिक झाले, नोकरी केली. बाई म्हाताऱ्या झाल्यावर एकदा बाजारात भेटल्या. म्हणाल्या, "झालं गेलं विसरून जा."

मी म्हणाले, "विसरणार नाही. शांता विसरली का, तिलाही विचारा, आणि माझ्यासमोर विचारा."