भिंतीवरचं घड्याळ खुर्चीत

मुलुंडच्या ट्रान्झिट कँपात कोण कोण अजून नव्या घराची वाट बघतंय, याची पाहणी करायला मी गेलो होतो. तिथल्या एका मालवणी काकांनी भिंतीला एकही खिळा मारला नव्हता. भिंतीवरचं घड्याळ खुर्चीत, देव फ्रिजवर आणि पाहुणे जमिनीवर.

"काका, किती वर्षं झाली इथे?"

"छे रे, तात्पुरते आलोय. खिळे आता नव्या घरात."

आतून काकू कडाडल्या, "आलो तेव्हा पोरगी पाळण्यात होती. परवा तिच्या पोराचं बारसं झालं!"

काकांनी विषय बदलला. "तू नोकरीत कायम ना?"

"कंत्राटी. दरवर्षी म्हणतात, पुढच्या वर्षी नक्की."

काकांनी घड्याळ उचलून मांडीवर घेतलं, खुर्ची माझ्याकडे सरकवली.

"बस मगे. तू आमच्यातलोच."