यान सुटताना मी आत होतो

गेल्या काही वर्षांत देशाची जी यानं अवकाशात गेली, त्यातली बरीचशी मी आमच्या बाथरूममध्ये बसून पाठवली आहेत. हे मी सांगितलं की लोक हसतात. हसू देत. आमची आई हसत नाही, आणि या विषयात आमच्या घरात तिचाच शब्द शेवटचा असतो.

माझी बायको अलका खगोलशास्त्रज्ञ. मरायला टेकलेल्या ताऱ्यांमधून क्ष-किरण कसे बाहेर पडतात, यावर तिनं पुण्यात डॉक्टरेट केली. मी त्या वेळी खडकीच्या कारखान्यात स्टोअरमध्ये चिकटलो होतो. लग्न ठरताना तिच्या वडिलांनी मला बाजूला घेऊन विचारलं होतं, की उद्या हिला बाहेरगावी नोकरी लागली तर चालेल का. मी मोठ्या रुबाबात म्हणालो, चालेल की! (मला वाटलं, फार तर मुंबई.) ती गेली बंगळुरूला, अवकाश संस्थेत. उपकरणं बनवायला म्हणून गेली, मग प्रकल्प सांभाळायला लागली, मग अख्खं केंद्र, आणि शेवटी संस्थाच तिच्या हातात आली. त्या खुर्चीवर बसलेली पहिली बाई. तेवढ्या काळात मी धायरीत फ्लॅट घेतला आणि स्वारगेटला बस बदलता बदलता निवृत्त झालो. मुलगी आजीच्या हाताखाली वाढली आणि नोकरीला हैदराबादला गेली. घरात उरलो मी आणि आई. अलका दिवाळीला दोन दिवस यायची, त्यातला एक दिवस फोनवर असायची.

मला तिची फार आठवण यायची. आमच्या पिढीत, आणि त्यातून पुण्यात, बायकोबद्दल असं उघड बोलत नाहीत. पण यायची, त्याला मी काय करू? भाजीवाल्यानं "किती जणांसाठी देऊ?" असं विचारलं तरी यायची.

तर, जिच्या प्रमुखपदी पहिल्यांदाच अलका होती अशी एक मोहीम ठरली. आदल्या दिवशी तिचा फोन आला. म्हणाली, "यान सुटतं तिथला आमचा हॉल टीव्हीवर दाखवतात. यान सुटलं की मी चष्मा काढून कॅमेऱ्याकडे बघेन. ते फक्त तुमच्यासाठी, बरं का." आता चष्मा काढल्यावर अलकाला समोरची भिंतसुद्धा दिसत नाही. पण माणूस प्रेमात असला की असले हिशेब करत नाही. मी दुसऱ्या दिवशी सकाळीच दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून टीव्हीसमोर बसलो. (ती मला बघणार नव्हती हे मला माहीत होतं. तरीही.)

नेमका तो गुरुवार. गुरुवारी आमच्याकडे पाणी बंद. खडकवासला धरण उशाशी आणि नळ कोरडा, हे धायरीकरांचं नशीब. मी आंघोळीच्या वेळी नळ उघडा टाकून बाहेर आलो होतो. इकडे उलटी मोजणी सुरू झाली आणि तिकडे पालिकेला दया आली. धो धो पाणी! आई ओरडली, मी धावलो, आत शिरलो आणि सवयीनं कडी लावली. नुसता नळ बंद करायला जाताना आतून कडी लावणारा माणूस पुण्यात दुसरा नसेल. नळ बंद केला, कडी ओढली, तर ती हलायला तयार नाही. बाहेर आई टीव्हीबरोबर मोठमोठ्यानं आकडे मोजत होती. माझ्या हाका त्यात बुडाल्या. मग शून्य झालं, गडगडाट झाला, टाळ्या झाल्या. तिकडे अलकानं चष्मा काढून माझ्याकडे बघितलं आणि मी गीझरकडे बघत होतो.

आमच्या सोसायटीचे चेअरमन पोकळे (सोसायटी ज्या शेतावर उभी आहे ते त्यांचंच होतं, त्यामुळे इथल्या प्रत्येक बाथरूमवर ते थोडा हक्क सांगतात) स्क्रूड्रायव्हर घेऊन आले आणि त्यांनी मला सोडवलं. तोवर टीव्हीवर साबणाची जाहिरात लागली होती. ते दृश्य मी नंतर मोबाइलवर बघितलं. पण लग्नाला न जाता दुसऱ्या दिवशी डब्यात आलेला मसालेभात खावा, तशातली ती गत. तिनं बघितलं तेव्हा मी तिथे नव्हतो, ते नव्हतोच.

एवढ्यावर भागलं असतं. पण आमच्या घराला क्रिकेटचं वळण आहे. मॅच रंगात असताना आमच्याकडे कोणी जागा बदलत नाही. एकदा एका फलंदाजाचं शतक पुरं होईपर्यंत आईनं मला स्टुलावर उभं ठेवलं होतं, कारण तो खेळायला आला तेव्हा मी बल्ब बदलत होतो. पुढच्या प्रक्षेपणाला मी दोन तास आधी येऊन सोफ्यावर बसलो. मोजणी शेवटच्या आकड्यांपर्यंत आली आणि थांबली. काहीतरी तांत्रिक अडचण, यान उद्या सुटेल, असं निवेदिकेनं सांगितलं. आईनं टीव्हीकडे बघितलं, मग सावकाश माझ्याकडे.

"मागच्या वेळी तू कुठे होतास रे?"

मी खूप समजावलं. पण दुसऱ्या दिवशी तिनं मला आत घातलंच, आणि यान असं काही गेलं की बघणाऱ्यांच्या डोळ्यांचं पारणं फिटलं. बघणाऱ्यांच्या!

त्यानंतर माझं काय झालं ते सांगायला नको. घरातली गोष्ट पोकळ्यांनी सोसायटीभर केली. पार्किंगमध्ये मोठा पडदा लागायला लागला, पोह्यांची पातेली चढायला लागली. सगळी बिल्डिंग खाली जमायची आणि पोकळे वर येऊन बेल वाजवायचे. "साहेब आत हाय ना? मग हरकत न्हाई." मला प्लास्टिकचं स्टूल मिळालं, मग बॅटरीवरचा पंखा मिळाला. दुसऱ्या मजल्यावरच्या बाईंनी तर विणलेलं आसन दिलं. मोबाइल नेण्याची परवानगी मात्र नव्हती, कारण आत बसून बघणं हे बाहेर बसून बघण्यासारखंच, असा आईचा निवाडा. (वकील व्हायला हवी होती.) एका प्रक्षेपणाच्या वेळी एक वार्ताहर घरी आली. मॅडमचे पती या ऐतिहासिक क्षणी काय करताहेत, हे तिला टिपायचं होतं. आई म्हणाली, "तो बाथरूममध्ये आहे, बसा." तसंच छापून आलं. पुढे महिनाभर लोक मला पोटासाठी औषधं सुचवत होते.

माझं दुःख औषधांचं नव्हतं. दर वेळी यान सुटलं की अलका चष्मा काढायची. एकदाही चुकली नाही. मोठ्या पदावर गेली, आजूबाजूला मंत्री उभे असले तरी काढायची. मी तिला सांगितलं होतं, की मी जागेवर नसतो, उगाच तसदी घेऊ नकोस. ती हसायची आणि म्हणायची, तीन-चार घटनांवरून असे निष्कर्ष काढत नाहीत, आईंना समजवा. विज्ञाननिष्ठेवर गावोगाव भाषणं देणारी बाई ती! पण आईंना स्वतः काही सांगायची तिचीही छाती नव्हती.

संस्थेची प्रमुख झाल्यापासून तिचा आवाज थकलेला यायला लागला. दिवसभर बैठका, फायली, संसदेतल्या प्रश्नांची उत्तरं. एकदा म्हणाली, "अहो, मी शेवटचा तारा कधी बघितला ते मला आठवत नाही." मी म्हटलं, इकडे ये, आमच्या गच्चीवरून दिसतात थोडे. ती म्हणाली, येईन. येणार नव्हती हे दोघांनाही ठाऊक होतं.

आणि मग तिच्या निवृत्तीच्या आधीचं शेवटचं प्रक्षेपण आलं. हे साधं यान नव्हतं. यातून तिची दुर्बीण जाणार होती. विद्यार्थी असताना तिनं कागदावर काढलेली, मरणाऱ्या ताऱ्यांचे क्ष-किरण टिपणारी अंतराळातली दुर्बीण. कितीदा फेटाळली गेली, कितीदा मागे पडली, आणि ती मात्र दर वेळी पुन्हा मांडत राहिली. बंगळुरूला गेली ती त्या दुर्बिणीसाठीच. आमचा सगळा संसार टेलिफोनवर झाला तो त्या दुर्बिणीपायीच. मी ठरवलं, या वेळी बाहेर बसायचं. आई रागावो, पोकळे पाणी तोडो. ती चष्मा काढून बघेल तेव्हा समोर मी असणार.

आदल्या संध्याकाळी तिला फोनवर तसं सांगून टाकलं. वाटलं होतं, खूश होईल.

"अहो," ती म्हणाली, "हा शुद्ध मूर्खपणा आहे, मला कळतंय. सगळ्या देशाला मीच सांगत फिरते. पण उद्याचा एक दिवस... बसाल का आत?"

मला राग यायला हवा होता, आणि थोडा आलाही. पण एवढी शिकलेली, एवढी मोठी झालेली माझी बायको किती घाबरली आहे, ते मला त्या एका वाक्यात ऐकू आलं. "बसतो," मी म्हटलं. दुसरं काय म्हणणार?

दुसऱ्या दिवशी मी न सांगता आत गेलो. आईलासुद्धा नवल वाटलं. मोबाइल खिशात राहिला होता, तो तिच्या लक्षात आला नाही आणि माझ्याही. स्टुलावर बसलो. बाहेर टीव्ही, खाली पार्किंगमध्ये गलका. मोजणी पुढे सरकत होती. एवढ्यात आई दाराशी येऊन म्हणाली, "अरे, तिची खुर्ची रिकामी दिसतेय. बरी आहे ना पोरगी?" मी ताडकन उठलो. कडीला हात घातला, आणि खिशातला फोन वाजला.

"कुठे आहात?" अलका कुजबुजत होती.

"आत. तू कुठे आहेस? खुर्ची रिकामी म्हणतेय आई!"

"मीही आतच आहे. हॉलशेजारच्या बाथरूममध्ये." मग जरा थांबून म्हणाली, "इतकी वर्षं तुम्ही एकटेच बसलात. म्हटलं, आज सोबत यावं. आणि खरं सांगू? मला बघवत नाहीये हो."

लग्नात अंतरपाट धरला होता तेव्हासुद्धा मी इतका बावरलो नव्हतो. आम्ही नुसते एकमेकांचा श्वास ऐकत राहिलो. तेवढ्यात फोनमधून टाळ्या आल्या. तिकडच्या हॉलमधल्या. "सुटलं," ती म्हणाली. आमच्या टीव्हीवर मोजणी अजून चालूच होती, चित्र थोडं उशिरानं येतं ना! धायरीत अजून कोणालाच काही माहीत नव्हतं, फक्त मला. "थांबा, आवाज यायला जरा वेळ लागतो," ती म्हणाली. आणि मग तो आला. तिच्या खिडकीची काच थडथडायला लागली आणि तो गडगडाट माझ्या कानात उतरला. तो सोबत ऐकायला मिळाला मला, आयुष्यात पहिल्यांदा. मी रडलो. सांगायला लाज कसली, बाथरूममध्येच तर होतो.

"दुर्बीण यानापासून सुटी व्हायची आहे अजून. मी जाते," ती म्हणाली.

"जा तू," मी म्हटलं. "मी बसलोय."

दुर्बीणही नीट कक्षेत गेली. संध्याकाळी पत्रकारांनी तिला विचारलं, की ऐन क्षणी आपण हॉलमध्ये दिसला नाहीत. ती शांतपणे म्हणाली, "मी माझ्या मिस्टरांबरोबर होते." लोकांनी ते मनावर घेतलं नाही. पुण्यात बसलेला नवरा तिथे कसा असेल, असं म्हणून सोडून दिलं.

मग ती निवृत्त झाली आणि घरी आली. कायमची. पहिले काही दिवस मी भाजीवाल्याला उगाचच "तिघांसाठी" असं सांगत होतो, त्यानं विचारलं नाही तरी. नव्या प्रक्षेपणाची बातमी आली तेव्हा मला आनंदच झाला. या वेळी अलका माझ्या शेजारी सोफ्यावर असणार. दोघांनी चहा घेत बघायचं, तिनं मला समजावून सांगायचं, असं सगळं मी मनात मांडून ठेवलं होतं.

आदल्या दिवशी नव्या प्रमुखांचा फोन आला. अलकाशी बोलले, आशीर्वाद मागितले आणि मग जरा चाचरत म्हणाले, सरांना फोन देता का? मी घेतला. उद्या मी पुण्यातच आहे ना, एवढंच त्यांना विचारायचं होतं. मी अलकाकडे बघितलं.

"कार्यभार सोपवताना सगळं सांगावं लागतं हो," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी ती सोफ्यावर माझ्या जागेवर बसली, हातात चहा, शेजारी आई. मी आत गेलो. अलका निवृत्त झाली. मला मुदतवाढ मिळाली.