सुकट, स्कर्व्ही आणि माझं कार्ड

मोठे डॉक्टर माझ्या पलंगाशी आले, हातातला रिपोर्ट वाचला आणि हसले. "स्कर्व्ही!" मागे उभ्या असलेल्या शिकाऊ डॉक्टरांना ते म्हणाले, "बघून घ्या नीट. पुन्हा बघायला मिळेल न मिळेल." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "काय हो, बोटीवर कामाला आहात का?"

सगळे हसले. मी हसले नाही. मी फोर्टमध्ये एका विमा कंपनीत क्लेम तपासते, हे त्यांच्या हातातल्या केसपेपरवर लिहिलेलं होतं.

स्कर्व्ही म्हणजे शरीरातलं व्हिटॅमिन सी, म्हणजे क जीवनसत्त्व, जवळजवळ संपून जाणं. पूर्वी महिनोन्‌महिने समुद्रावर राहणाऱ्या खलाशांना ताजं काही मिळायचं नाही, त्यांना हा आजार व्हायचा. हिरड्या सुजतात, त्यांतून रक्त येतं, पायांवर काळेनिळे डाग उठतात, पोटऱ्या इतक्या दुखतात की जिना चढवत नाही. उपचार म्हणाल तर गोळ्या आणि लिंबू. एवढा साधा आजार ओळखायला पावसाळा जाऊन दिवाळी आली. तो राग अजून उतरलेला नाही आणि हे मी रागातच लिहिते आहे. तुमच्या घरात माझ्यासारखं कोणी असेल तर रागासकट वाचा.

माझं नाव सुजाता. वय पस्तिशीच्या पुढे. परळला आमची चाळीतली एक खोली आहे, आजोबा गिरणीत होते तेव्हापासूनची. आई गेल्यापासून तिथे मी एकटी राहते. थोरला भाऊ, दादा, वहिनीबरोबर कल्याणला असतो.

मला लहानपणापासून एखादा पदार्थ लागला की तोच लागतो. शाळेत असताना एक अख्खं वर्ष मी वरणभात सोडून कशाला हात लावला नाही. मग कधीतरी नुसत्या चपातीचा तुकडा आणि गूळ. आई कोणाला काही समजावायला जायची नाही. "हिला लागलंय ते. सुटेल आपोआप," म्हणायची आणि ते करून द्यायची. आणि खरंच ते आपोआप सुटायचं. नातेवाईक मात्र मला तोंडावर 'नखरेल' म्हणायचे. लग्नाच्या पंगतीत माझ्या ताटाकडे बोट दाखवून हसायचे. त्यांतल्या एकालाही कधी वाटलं नाही की हिला विचारावं, बाई, तुला इतर अन्न तोंडात घातल्यावर नेमकं होतं तरी काय?

होतं असं. टोमॅटो एकदा आंबट लागतो, एकदा पिठूळ. भाजी आज मऊ असते, उद्या कच्ची. पुढच्या घासाला तोंडात काय येणार आहे ते कळत नाही आणि त्या न कळण्याने माझ्या अंगावर काटा येतो. सुकटीचं तसं नाही. सुकट म्हणजे वाळवलेली बारीक कोळंबी. तव्यावर कोरडी भाजली, मीठ आणि तिखट टाकलं की दर वेळी तसाच वास, तसाच कुरकुरीतपणा. मात्र ती एकाच बाईकडची हवी. माझी बाई कफ परेडच्या मच्छीमार नगरात बसते.

आता खर्चाचं सांगते. माझ्यावर 'उधळी' हा शिक्का आहे तो त्यामुळेच. मला लागलेली गोष्ट संपेल की काय, ही भीती एकदा मनात शिरली की दुसरं काही सुचत नाही. ऑफिसात बसलेली असले तरी डोक्यात तेच. अर्ध्या दिवसाची सुट्टी टाकून, टॅक्सी करून मी मच्छीमार नगर गाठायची आणि बाईकडे असेल तेवढी सुकट उचलायची. मग ती ठेवायला डबे हवेत, तेही सगळे एकसारखे, म्हणून रात्रीतून फोनवर डबे मागवायचे. विकत घेतलं की छातीवरचं ओझं उतरायचं आणि दोन दिवसांनी पुन्हा चढायचं. पगाराच्या आठवड्यातच खातं रिकामं व्हायचं. ते चूकच होतं आणि मला ते कळत होतं. कळण्याने थांबता येत असतं तर थांबले नसते का?

चाळीत कोणाच्या हे लक्षात आलं नाही. त्याचं कारण मोठं मजेदार आहे. मे महिन्यात आमच्याकडे घरोघरी पावसाळ्याची बेगमी चालते. सुके बोंबील, जवळा, सोडे आणून उन्हं दाखवायची आणि डब्यात भरायची. शेजारच्या शेवंतामावशी माझे डबे पाहून कौतुकाने म्हणाल्या, "आईवर गेलीस हो! ह्या पोरींना कुठं आता असली हौस!" त्यांची बेगमी पावसाळाभर तोंडी लावायला होती. माझी सकाळ-संध्याकाळ जेवायला होती. सुकट आणि तांदळाची भाकरी, बस्स. मावशी सुकटीत कांदा घालतात, कैरी घालतात. मला ते ओलं चालत नाही.

ऑगस्टमध्ये ब्रशला रक्त लागायला लागलं. लालबागच्या दातांच्या डॉक्टरांनी दात साफ करून दिले आणि ब्रश नीट करत जा म्हणून सुनावलं. मी रोज दोनदा ब्रश करते. मग पायांवर डाग आले. दादरच्या त्वचेच्या डॉक्टरांनी मलम दिलं आणि आवाज खाली आणून विचारलं, "घरी मिस्टर हात वगैरे उचलतात का?" मला मिस्टरच नाहीत. तसं सांगितल्यावर त्यांना माझ्या पायांत रसच उरला नाही.

दिवाळीच्या तोंडावर मी ऑफिसच्या जिन्यात बसले ती उठूच शकले नाही. तिथून थेट हॉस्पिटल. सीबीसी, म्हणजे रक्तातल्या पेशींची मोजणी, त्यात रक्त खूप कमी निघालं. रक्ताचा कॅन्सर तर नाही ना, म्हणून बोन मॅरो केली. त्यात कमरेच्या हाडात सुई घालून आतला मगज काढतात. भूल देतात, तरी ओढताना जे होतं ते मी शत्रूलाही चिंतणार नाही.

या सगळ्यात प्रत्येकाने एक प्रश्न न चुकता विचारला, "जेवणखाण नीट आहे ना?" मी प्रत्येकाला "हो" म्हटलं. व्हेज की नॉनव्हेज? नॉनव्हेज. जेवणाच्या वेळा? ठरलेल्या. यातलं एकही उत्तर खोटं नव्हतं. क्लेमच्या कामात विचारलेल्याचं उत्तर द्यायचं, न विचारलेलं जोडायचं नाही, ही आमची शिस्त आहे आणि मी ती घरीदारी पाळते. लोक नाही पाळत, ते विचारतात एक आणि त्यांना हवं असतं भलतंच, हे मला आजही चटकन कळत नाही. पण काय खाता, हे विचारायला त्या एवढ्या डॉक्टरांपैकी एकाचीही जीभ उचलू नये?

शेवटी ते बाहेर पडलं ते भांडणातून. संध्याकाळच्या राउंडला एक तरुण डॉक्टर बाई आल्या होत्या. दादा त्यांना माझ्यादेखत सांगत होता, "मॅडम, ही जेवतच नाही ओ धड. पैसे उडवते नुसते. डोक्याचं काय असेल तर तेपण बघा."

मी इतकी भडकले की पलंगावर उठून बसले. "खोटं बोलू नकोस! मी रोज दोन वेळा जेवते. मे महिन्यापासून रोज. सुकट आणि भाकरी."

डॉक्टर बाई दाराकडे निघाल्या होत्या, त्या थांबल्या. "आणि त्याच्यासोबत?"

"काही नाही."

"फळ? लिंबू? भाजी?"

"नाही म्हटलं ना. सुकट आणि भाकरी."

त्यांनी माझा ओठ वर करून हिरड्या पाहिल्या, पोटरीवरचे पिळवटलेले केस पाहिले आणि व्हिटॅमिन सीची तपासणी लिहून दिली. त्याचाच तो रिपोर्ट वाचून मोठे डॉक्टर हसले.

गोळ्यांनी आठवड्यातच रक्त थांबलं. इथे ही गोष्ट संपायला हवी होती. पण मी अशक्त असताना दादाने "सांभाळायला" म्हणून माझं एटीएम कार्ड आणि खोलीची चावी घेतली होती. घरी आले तर खोली फिनेलने घमघमत होती. वहिनींनी सगळी सुकट फेकून दिली होती आणि माझे डबे घासूनपुसून पालथे घातले होते. ओट्यावर सफरचंदं, पपई आणि कसलंसं सूप.

"आता हे खायचं," दादा म्हणाला. "आणि पुढच्या महिन्यात कल्याणला चल. खोली भाड्याने देऊ. कार्ड माझ्याकडेच राहू दे. तुला नाही जमत सुजा, बघितलं ना सगळ्यांनी?"

तो वाईट माणूस नाही. पण माणूस वाईट नसला की त्याने काहीही काढून घ्यावं, असं आहे का? माझं घर, माझा पगार, माझं ताट, तिन्ही गोष्टी एका वाक्यात गेल्या. मी सूप तोंडात घेतलं आणि उलटी झाली. पपईचंही तेच. हट्ट नव्हता तो, घशाखाली उतरतच नव्हतं. पुढच्या तपासणीला वजन आणखी घटलेलं निघालं, तेव्हा त्याच तरुण डॉक्टर बाईंनी मला मनोविकार विभागात पाठवलं.

तिथल्या मॅडमनी घाई केली नाही. बऱ्याच भेटी झाल्या. लहानपण, शाळा, ऑफिस, कपड्यांची लेबलं, दिव्यांचा आवाज, सगळं विचारलं. हो, ट्यूबलाइटला आवाज असतो, मला तो ऐकू येतो. शेवटच्या भेटीला दादाही होता. मॅडम म्हणाल्या, "ऑटिझम आहे. आजार म्हणून नका बघू. तुमच्या मेंदूची घडणच जन्मापासून वेगळी आहे. चव, स्पर्श, आवाज तुम्हाला इतरांपेक्षा तीव्र जाणवतात. एकच पदार्थ धरून राहणं आणि भीती वाटली की खरेदी करत सुटणं, दोन्ही बऱ्याच जणांत दिसतं. आई गेल्यावर ते वाढलं असेल."

दादा म्हणाला, "म्हणजे हिला आता कोणीतरी सांभाळायलाच हवं ना?"

"अक्कल कमी आहे असं मी म्हटलेलं नाही," मॅडम म्हणाल्या. "यांची सुकट कोणी फेकली?"

"आमच्या मिसेसने," दादा म्हणाला.

"ती आधी आणून द्या. काढून घेऊन माणूस खायला शिकत नाही. आहे त्यात एकेक गोष्ट जोडत जायची."

मी हात पुढे केला. "आणि कार्ड."

"सुजा, घरी बोलू."

"इथेच. माझं कार्ड दे."

त्याने मॅडमकडे पाहिलं. त्या त्यांच्या कागदावर काहीतरी लिहीत बसल्या. दादाने पाकिटातून कार्ड काढलं आणि माझ्या हातावर ठेवलं. पस्तीस वर्षं मला नखरेल, हट्टी, उधळी म्हणणाऱ्यांनी एक दिवस जरी नीट विचारलं असतं, तर ते कार्ड मागायची पाळी आली नसती. मी तिथेच रडले, रागाने.

माझ्यासारखं कोणी वाचत असेल तर मला काय उपयोगी पडलं ते सांगते. खोलीचा खर्च पगार येताच दुसऱ्या खात्यात जातो आणि त्या खात्याचं कार्डच मी घेतलेलं नाही. फोनवरून काही घ्यावंसं वाटलं तर ते निवडून ठेवते आणि सकाळपर्यंत थांबते. कधी जमतं, कधी नाही. गोळी रोज घेते. सुकटीवर लिंबू पिळायला शिकले. आधी एक थेंब, तोही भाकरीच्या कडेला. आता चार थेंब चालतात. टोमॅटो अजून नाही आणि कदाचित कधीच नाही.

आणि घरच्यांना एवढंच सांगते, "जेवतेस ना नीट?" हा प्रश्न नाही. काल काय जेवलीस, परवा काय जेवलीस, असं विचारा. आम्ही खरं सांगतो.

यंदा मे महिन्यात मी मच्छीमार नगरला गेले तेव्हा दादा सोबत यायचं म्हणाला. पहारा करायला येतोय हे मला कळत होतं. मी चल म्हटलं. किती घ्यायची ते घरूनच ठरवून निघाले होते, तेवढीच घेतली. बाई आणखी देत होती, हात शिवशिवत होते, तरी तेवढीच. पिशवी दादाने उचलली. चाळीचा जिना चढताना शेवंतामावशी दारात उभ्या होत्या.

"काय रे, बहिणीकडे काय घेऊन चाललास एवढं?"

दादा धापा टाकत होता. पिशवी खाली ठेवून म्हणाला, "बेगमी आहे तिची."

मावशींनी मान डोलावली आणि आत गेल्या. सगळ्या चाळीला फुकट मिळणारा हा एक शब्द माझ्या वाट्याला यायला माझ्या हिरड्यांतून रक्त यावं लागलं. मी दार उघडलं आणि डबे खाली काढले.