मावशींनी धुतलेली पानं

मावशींना घाण म्हणून खपायची नाही, आणि पानांवरची धूळ तर मुळीच नाही. आता गल्लीच्या टोकाला सिमेंटचा कारखाना असताना हा हट्ट महागातलाच म्हणायचा. पण हार मानतील त्या मावशी कसल्या! रोज सकाळी बादली आणि जुन्या बनियनचं फडकं घेऊन त्या अंगणात उतरायच्या आणि लिंबू, जास्वंद, गुलाब, सगळ्यांचं पान न् पान पुसून काढायच्या.

"माझी पाठ कधी इतक्या मायेनं चोळली नाहीस," काका, म्हणजे त्यांचे यजमान, कुरकुरायचे.

"तुम्हाला फुलं येतात का?"

इतकं करूनही झाडं खुरटीच. नवं पान बोटभर व्हायचं, जाडसर पडायचं आणि कडेनं करपायचं. शेवटी शेजारच्या शिंप्यानं पुढाकार घेतला. कारखान्याच्या धुराड्याचा फिल्टर निकामी झालाय, तो बदला, अशी गल्लीनं तक्रार केली. कारखाना म्हणे, ही धूळ आमची नव्हेच. मग तपासणी ठरली. प्रदूषण मंडळाच्या एक बाई येऊन पानं नेणार, आणि पानांवर सिमेंट सापडलं तर कारखान्याला फिल्टर बदलावा लागणार.

बाई येणार म्हटल्यावर मावशींनी काय करावं? पाहुण्यांसमोर शोभा नको म्हणून आदल्या दिवशी अख्ख्या गल्लीची झाडं लख्ख धुऊन काढली. शिंप्याच्या दारातली कर्दळसुद्धा सोडली नाही.

ती चकचकीत पानं बघून बाईंनी कपाळावर हात मारला. "मावशी, पुरावाच धुतलात की."

मावशींचा चेहरा एवढासा झाला. बाई मात्र स्वभावानं चांगल्या. त्यांनी शेजारी बसून समजावलं, की पानाच्या पाठीला बारीक छिद्रं असतात, झाड त्यांतून श्वास घेतं. धुळीनं ती बुजली की पान वाढत नाही. "महिन्यानं परत येते. तोवर पाणी फक्त मुळाशी घाला. पानांना हात लावू नका."

"म्हणजे गुदमरू द्यायचं त्यांना?"

"मला दुसरा इलाज दिसत नाही, मावशी."

तो महिना मावशींनी कसा काढला ते त्यांनाच ठाऊक. फडकं त्यांनी स्वतःच काकांच्या हवाली केलं, म्हणाल्या, "कुठे ठेवलंत ते मला सांगू नका." दवानं धूळ भिजायची, उन्हात वाळायची, आणि पानांवर सिमेंटची खपली धरायची. लिंबाची पानं पिवळी पडायला लागली तशी मावशींनी अंगणाकडची खिडकी लावून घेतली. गुलाब गेला त्या दिवशी त्या जेवल्या नाहीत. "आपल्याच हातानं मारला हो," म्हणाल्या, आणि रडल्या. काका जवळ बसून राहिले.

बाई ठरल्याप्रमाणे आल्या. पानांवरची खपली सोलून बघितली, पानं पाकिटांत भरली. "आता नाही म्हणायची सोय नाही त्यांना. फिल्टर बसवावाच लागेल," त्या म्हणाल्या. शिंप्याला कोण आनंद! तो घरोघर सांगत सुटला.

मावशींचं लक्ष तिकडे नव्हतंच. "तुमचं झालं ना, बाई? मग मी आता धुऊ?"

बाईंनी होकारार्थी मान हलवली. काकांनी लपवलेलं फडकं आणून दिलं. मावशींनी ओलं फडकं लिंबाच्या पानाला जपून लावलं, तर ते पान हातातच गळून आलं. ते त्यांनी बाजूला ठेवलं, आणि पुढचं हातात घेतलं.