मोडीत जाणाऱ्या गाडीचे नवे टायर

शंका घेण्याचा मला पगार मिळतो. चांगी बिझनेस पार्कमधल्या एका बँकेत मी इंटर्नल ऑडिटला आहे. म्हणजे लोकांनी "सगळं नीट आहे" असं लिहून दिलं की ते कशावरून, हे विचारत फिरायचं. ही सवय संध्याकाळी ऑफिसातच ठेवून येत जा, असं माझ्या नवऱ्याचं म्हणणं. तो सॉफ्टवेअरमधला. त्याच्याकडे चूक आपण होऊन लाल अक्षरांत समोर येते, मला मात्र ती हुडकावी लागते. आणि एकदा हुडकायची खोड लागली की भाजीवाला हसून दोन मिरच्या जास्त टाकतो त्यातसुद्धा कुठेतरी पाणी मुरतंय असं वाटायला लागतं.

त्यामुळे त्या शनिवारी सकाळी बुकित पंजांगच्या आमच्या कारपार्कात गाडीचं डावं मागचं चाक पार बसलेलं दिसलं, तेव्हा पंक्चर हा विचार माझ्या मनात दुसरा आला. पहिला आला तो शेजारच्या जागेत पांढरी गाडी लावणाऱ्या काकांचा. आठवड्यापूर्वीच मी त्यांना रेघेवर गाडी लावल्याबद्दल बोलले होते, आणि ते फार गोड आवाजात सॉरी म्हणाले होते.

"आई, कम ऑन लाह," माझी पंधरा वर्षांची लेक म्हणाली, "तो अंकल किती नाइस आहे. लिफ्ट होल्ड करतो आपल्यासाठी."

"म्हणूनच," मी म्हटलं.

तिने वाकून टायरमध्ये घुसलेला स्क्रू दाखवला. आमच्या ब्लॉकमध्ये दोन-तीन घरांची कामं चालू होती, कारपार्कात असे स्क्रू पडलेले असायचे. काका सुटले. निदान तेवढ्यापुरते.

लेकीची नेटबॉलची मॅच होती, पण तिला अजून अवकाश होता. नवरा पहाटेच ऑफिसला गेला होता, कसलंसं रिलीज होतं, फोन उचलत नव्हता. मदतीला माणूस बोलावता आला असता, पण मला चाक बदलता येत होतं. गाडी घेतली तेव्हा नवऱ्याने याच कारपार्कात ते माझ्याकडून करवून घेतलं होतं. तेव्हा मी कुरकुरले होते. पण आता डिकी उघडताना मला थोडा चेवच आला.

पुढचं कळायला या गाडीबद्दल सांगायला हवं. या देशात गाडीचं आयुष्य जन्मतःच ठरलेलं असतं. रस्त्यावर आणायचा परवाना, ज्याला सगळे सीओई म्हणतात, लिलावात घ्यायचा, आणि त्याची मुदत दहा वर्षांची. ती संपली की पुन्हा भरमसाट पैसे मोजून परवाना वाढवा, नाहीतर गाडी मोडीत काढा. आमची गाडी जुनी घेतलेली. तिची मुदत येत्या मार्चमध्ये संपत होती. आणि ती घेतली त्याच दिवशी आम्ही आमचं परत जाणं तिच्या मुदतीला बांधून टाकलं होतं. गाडी संपली की आपणही पुण्याला. कारण आम्ही पाहिलं होतं ना, आमच्या ओळखीतली सगळी मराठी घरं पुढच्या वर्षी परत जाणार असतात. मुलाची परीक्षा झाली की, पीआर, म्हणजे इथे कायम राहण्याची परवानगी, मिळालं की, घराचे हप्ते फिटले की. ते पुढचं वर्ष काही येत नाही. आमची तारीख मात्र सरकारने ठरवलेली होती, ती नुसती बोलून सरकवण्याची सोय नव्हती.

या तारखेवर माझी आई जगत होती, असं म्हटलं तर अतिशयोक्ती होईल. पण बाबा गेल्यापासून ती कोथरूडला एकटी. गुडघ्यांमुळे जिना उतरणं सुटलेलं. आमच्यासाठी तिने मागच्या खोलीला रंग लावून घेतला होता, कपाटं रिकामी केली होती. दर शनिवारी संध्याकाळी फोन करायची, आणि इकडचं तिकडचं झालं की विचारायची, "मार्च नक्की ना गं?"

तेव्हा या गाडीवर आता खर्च करायचा नाही, हे ठरलेलं होतं. जूनमध्ये टायर अगदी गोटा झाले, पावसात ब्रेक लावला की गाडी एक क्षण विचार करायची. त्यावेळी नवरा म्हणाला, गॅरेजमध्ये वापरलेले चांगले टायर मिळतात, तेच टाकून घेतो, मार्चपर्यंत चालतील. मी हो म्हटलं. त्याने टाकून आणले. मी काही वाकून बघायला गेले नाही.

ते आता बघितलं.

हँडब्रेक लावला, समोरच्या चाकापुढे लेकीने कुठूनशी आणलेली वीट ठेवली. चाक जमिनीवर असतानाच नट सैल करायचे, जॅक लावल्यावर चाक नुसतं फिरत बसतं, हे माझ्या लक्षात होतं. पान्यावर पाय देऊन उभी राहिले तेव्हा पहिला नट करकरून हलला. मग जॅक. तो दांडा फिरवताना मला कुरकुर अपेक्षित होती, पण जॅक लोण्यासारखा वर गेला. कोणीतरी त्याला नुकतंच तेल घातलं होतं. स्टेपनी काढली, दाबून पाहिली. स्टेपनीत हवा नसणं हा जगाचा नियम आहे. हिच्यात हवा टणटणीत होती. मनात शंकेची पाल चुकचुकली. मोडीत निघालेल्या गाडीच्या स्टेपनीत हवा कोण भरतं?

चाक काढून आडवं केलं तेव्हा उत्तरच समोर आलं. खाचा खोल, कडा करकरीत, आणि बाजूने ते रबराचे बारीक केस, जे नव्या टायरलाच असतात आणि काही आठवड्यांत झिजून जातात, ते आतल्या अंगाला अजून शिल्लक. टायरवर तो बनल्याचा आठवडा आणि वर्ष चार आकड्यांत लिहिलेलं असतं. वर्ष चालू वर्ष होतं. मी उरलेल्या तिन्ही चाकांपाशी जाऊन वाकून आले. चारही नवे कोरे.

"पा सेड सेकंड हँड वन, व्हॉट," लेक म्हणाली.

"तुझे बाबा बरंच काय काय म्हणतात," मी म्हटलं, आणि स्टेपनी चढवली.

तिला मॅचला सोडून, पंक्चर काढायला चाक गॅरेजात देऊन मी घरी आले, आणि दुपारभर माझं ऑडिट चाललं. टायर ही एकटी गोष्ट नव्हती. वायपरची पाती त्याने मागच्या महिन्यात बदलली होती. सीओईच्या लिलावाचे भाव जाहीर झाले की बुधवारी तो फोनवर ते उघडून बघायचा, मी विचारलं तर "सहज" म्हणायचा. पुण्यातल्या शाळांची चौकशी मीच करत होते, तो नुसता मान हलवायचा. लेकीच्या शाळेत पालकसभेला मात्र गेला, आणि पुढच्या वर्षीचे विषय कोणते घ्यायचे हे विचारून आला. एकेक गोष्ट क्षुल्लक. पण एका ओळीत मांडल्यावर माझ्या नोकरीत ज्याला नमुना म्हणतात तो दिसायला लागला. हा माणूस परवाना वाढवणार होता. मार्चमध्ये मला सांगणार होता, "अगं, टायर नवे आहेत, गाडी धडधाकट आहे, आणखी पाच वर्षं बघू." आणि आईला ते मला सांगावं लागणार होतं. मला त्याचा इतका राग आला की मी भेंड्या जळेपर्यंत परतल्या.

त्या भेंड्या संध्याकाळी त्याच्या ताटात वाढल्या. ऑडिटमध्ये थेट प्रश्न विचारत नाहीत, समोरच्याला बोलू देतात.

"टायर पंक्चर झाला होता," मी म्हटलं. "बदलला मी."

"वा," तो म्हणाला. "जमलं?"

"जमलं. वापरलेल्या मानाने फार छान टायर आहेत."

त्याचा घास हातात थांबला. लेकीने पाण्याचा ग्लास तोंडाला लावला आणि ती त्याच्यावरून आमच्याकडे बघत राहिली.

"नवे घेतले मी," तो म्हणाला.

"का?"

"तू रोज पावसात एक्स्प्रेसवेवरून चांगीला जातेस. मागे ही बसलेली असते कधी कधी. गॅरेजवाल्याने जुने टायर दाखवले तेव्हा मला ते कुठून आले, कोणाच्या गाडीचे, काही कळेना. एकाला बाजूने फुगवटा होता. मला नाही टाकवले. तुला सांगितलं असतं तर तू म्हणाली असतीस, काही महिन्यांसाठी नवे कशाला."

"आणि सीओईचे भाव?"

"ते बघायला मजा वाटते. क्रिकेटचा स्कोअर बघतो तसे."

"आणि शाळेतले विषय?"

"तिथल्या शाळेत विचारतील ना, इथे काय घेणार होतीस म्हणून." तो हसला नाही, चिडलाही नाही. "तुला काय वाटलं? मला इथे राहायचंय?"

मी भेंड्यांचं भांडं उगाच जवळ ओढलं.

"मी सोमवारी मॅनेजरला सांगितलं," तो म्हणाला. "फेब्रुवारीअखेर सोडतो म्हणून. उद्या निवांतपणे तुला सांगणार होतो. तू सांगितलंस तुझ्याकडे?"

माझा नोटीस पीरियड त्याच्याहून मोठा. मी आधी सांगायला हवं होतं. दर आठवड्याला मी ठरवत होते, आणि दर आठवड्याला कोणाची तरी सुट्टी, कसला तरी रिपोर्ट, काहीतरी आड येत होतं.

"सांगेन," मी म्हटलं. "नीट वेळ मिळाला नाही."

तेवढ्यात लेकीने ग्लास खाली ठेवला. "मग आई," ती म्हणाली, "कारपार्कमध्ये तू एवढी हॅपी का होतीस?"

"कधी?"

"न्यू टायर्स बघितले तेव्हा. यू वेअर सिंगिंग, यू नो? नट्स लावताना. आय थॉट, ओह, वुई आर स्टेइंग."

मी नाही म्हणणार होते. पण ते खरं होतं, मला त्याच क्षणी आठवलं. हात काळे, पाठ घामाने भिजलेली, आणि मी गुणगुणत एकेक नट आवळत होते. दुपारभर ज्याला मी नवऱ्याचा डाव म्हणत होते तो खरा निघावा, अशी माझीच इच्छा होती. म्हणजे तो राहू म्हणाला असता, मी भांडले असते, रडले असते, आईला त्याचं नाव सांगितलं असतं, आणि राहिले असते. मला इथे राहायचं होतं. रात्री कितीही वाजता स्टेशनवरून एकटीने चालत घरी येता येतं ते मला हवं होतं. माझं टेबल, माझं काम, कोणी न विचारता गेलेला रविवार हवा होता. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते काय, हे मला चाळिशी उलटल्यावर जेवणाच्या टेबलावर कळलं, आणि तेही माझ्या मुलीने सांगितल्यावर. मला लाज वाटली, आणि आईची फार आठवण आली. दोन्ही एकदमच.

नवरा माझ्याकडे बघत होता. त्याला राग आलेला दिसला असता तर बरं झालं असतं.

"बोलू आपण," तो म्हणाला.

मग फोन वाजला. शनिवार होता. आईने गुडघ्याचं सांगितलं, खालच्या मजल्यावरच्यांच्या नव्या कुत्र्याचं सांगितलं, मी हं हं करत राहिले. मागच्या खोलीला पडदे कुठल्या रंगाचे घेऊ असं तिने विचारलं. मी म्हटलं, तुला आवडतील ते.

"मार्च नक्की ना गं?"

"हो," मी म्हटलं.



"जरा जावयांना दे बघू फोन," आई म्हणाली.

मी दिला. त्याने ऐकलं, आणि लगेच म्हणाला, "हो आई, नक्की. ऑफिसात सांगून झालंय माझं." मग तो नुसता ऐकत उभा राहिला, "अहो, रडता कशाला," असं दोनदा म्हणाला. माझं 'हो' ऐकून ती रडली नव्हती.